रंगूनचा हिशेबनीस आणि इगतपुरीची टेकडी

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला हायकोर्टाच्या कामासाठी जाणाऱ्या आम्हा नाशिककर वकिलांचा एक ठरलेला अनुभव आहे. इगतपुरी आली की डब्यातला कोणीतरी टेकडीकडे बोट दाखवतो आणि विपश्यनेचा विषय निघतो. मग गोयंका गुरुजींचे नाव निघतेच. परंतु गोयंका गुरुजींना हे शिकवले कोणी, असा प्रश्न मी मुद्दाम टाकतो तेव्हा बहुतेकांची उत्तरे अडखळतात. एका विहारात तर मला एका बांधवाने सयाजी हे नाव बरोबर सांगितले, पण पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज असा खुलासाही केला! बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या त्या महाराजांबद्दल आपल्याला कृतज्ञता आहेच. मात्र हे सयाजी वेगळे. बर्मी भाषेत सया म्हणजे शिक्षक आणि ज्यी म्हणजे थोर. नावाआधी लागणारा ऊ हा आपल्याकडच्या काकासारखा आदराचा शब्द. म्हणजे सयाजी ऊ बा खिन हे काही पदवीधारी संस्थानिक नव्हते, की चीवरधारी भिक्खूही नव्हते. ते होते सरकारी कचेरीतले हिशेबनीस. १९ जानेवारी १९७१ रोजी रंगूनला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरला, आपले कर्मवीर दादासाहेब गायकवाड गेले. त्यामुळे नाशिक जिल्ह्याने १९७१ हे साल दादासाहेबांसाठी लक्षात ठेवले, आणि ते योग्यच आहे. पण ज्या जिल्ह्यात या हिशेबनिसाच्या शिकवणीचे सर्वांत मोठे केंद्र उभे आहे, त्या जिल्ह्याने त्याला अजिबातच ओळखू नये, हे काही बरे नव्हे.

हे लिहिण्यामागे एक भांडण आहे. आमच्या चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, पँथरच्या दिवसांत लाठ्या खाल्लेले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. मी विपश्यनेचे शिबिर करून आलो हे कळल्यापासून दादांनी माझ्यावर खटलाच भरला आहे. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यांची फिर्याद दर वेळी तीच असते. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असा आदेश दिला आणि तुम्ही शिकलेली पोरे डोळे मिटून बसायला लागलात. गावात बहिष्कार पडतो तेव्हा श्वास पाहून काय उपयोग? शिवाय हे सगळे एका मारवाडी कारखानदाराने आणलेले. हा धर्म नाही असे सांगत त्याने बुद्ध सवर्णांना चालेल असा करून दिला, अशी दादांची तक्रार. दादांच्या या फिर्यादीत तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. त्याबद्दल पुढे लिहितोच. पण फिर्याद दाखल करण्यापूर्वी मूळ माणसाची कागदपत्रे तपासावीत, एवढी तरी सवय आम्हा वकिलांना असते. ती तपासायला घेतली आणि मला गोयंकांच्या मागे उभा असलेला तो रंगूनचा हिशेबनीस सापडला.

ऊ बा खिन यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी रंगूनच्या एका कामगार वस्तीत, बेताच्या परिस्थितीतल्या घरात झाला. मिशनऱ्यांच्या शाळेत ते शिकले. पोरगा इतका हुशार की धडेच्या धडे पाठ. १९१७ साली शालान्त परीक्षेत सुवर्णपदक आणि कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. पण घरात पैसा यायला हवा होता. शिष्यवृत्ती सोडून त्यांना नोकरी धरावी लागली. आपल्यापैकी किती घरांत हीच गोष्ट घडली आहे! आधी एका बर्मी वर्तमानपत्रात आणि मग महालेखापालाच्या कचेरीत कनिष्ठ कारकून. त्या वेळी बर्मा हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. कचेऱ्यांत वरच्या खुर्च्यांवर इंग्रज, त्यांच्या खाली हिंदी लोक आणि बर्मी माणूस आपल्याच देशात तळाला. अशा कचेरीत राहून १९२६ साली त्यांनी लेखासेवेची परीक्षा पास केली. वशिला नाही, घराण्याचे नाव नाही, फक्त परीक्षा. राखीव जागेवर आला म्हणून ज्यांना आजही कचेरीत टोमणे ऐकावे लागतात, त्या आपल्या बांधवांना या माणसाची ती पहिली वीस वर्षे वेगळी समजावून सांगायला नकोत.

१९३७ साली बर्मा हिंदुस्थानपासून वेगळा झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ऊ बा खिन यांच्या आयुष्यात ध्यान आले. सया तेजी नावाच्या आचार्यांचा एक साधक त्यांना भेटला आणि त्याने आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची रीत दाखवली. थोड्याच दिवसांत ऊ बा खिन यांना पुढचे सगळे शिकण्याची ओढ लागली. हे सया तेजी कोण? रंगूनपासून आठेक मैलांवर, नदीपलीकडे प्याऊब्वेजी नावाचे खेडे आहे, तिथले शेतकरी. कॉलऱ्याने घरातली माणसे गेली, त्या दुःखाने घर सोडून भटकले, थोर विद्वान भिक्खू लेडी सयाडो यांच्याकडे शिकले आणि परत गावात येऊन शेतकऱ्यांना शिकवू लागले. गृहस्थ माणसाने गृहस्थांना विपश्यना शिकवावी, ही वाट लेडी सयाडोंनी मोकळी केली होती. दादांना मी हे मुद्दाम सांगितले. भिक्खूकडून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून कारकुनाकडे आणि कारकुनाकडून व्यापाऱ्याकडे असा हा प्रवास आहे. यात ना कुठली गादी आहे, ना कुठला वंश. जन्मावरून अधिकार ठरवणाऱ्या आपल्या देशात या एका गोष्टीचे मोल किती मोठे आहे, हे काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली उभे राहिलेल्यांच्या नातवंडांना तरी समजायला हवे.

ऊ बा खिन कचेरीची पर्वा न करता अचानक रजेवर गेले आणि दहा दिवस त्या शेतकरी गुरूजवळ बसले. नोकरी जाणार हे त्यांनी धरूनच चालले होते. परत आले तेव्हा टेबलावर लिफाफा होता. बडतर्फीचा हुकूम असणार म्हणून त्यांनी तो उघडला, तर आत बढतीचा हुकूम! वेगळ्या झालेल्या बर्मासाठी नवे लेखा कार्यालय उभे राहत होते आणि तिथे विशेष अधीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. विपश्यना केली म्हणून बढती मिळाली असे सांगणारे भाबडे लोक आपल्याकडे आहेत. तसे काही नाही. वीस वर्षे चोख काम केलेल्या माणसाची गरज सरकारला लागली, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

१९४१ साली रेल्वेच्या हिशेबतपासणीच्या दौऱ्यावर असताना मंडालेच्या दक्षिणेला क्याउक्से भागात त्यांची वेबू सयाडो या ध्यानी भिक्खूंशी गाठ पडली. सूट घातलेल्या या कारकुनाची साधना पाहून सयाडो चकित झाले आणि आता तू शिकवायला लाग, अशी त्यांनी आज्ञा केली. ऊ बा खिन यांचा पहिला विद्यार्थी म्हणजे तिथला उपस्टेशनमास्तर. आणि शाळा म्हणजे रेल्वेचा डबा. आपल्याकडे धम्मवर्ग घ्यायचा म्हटला की आधी हॉल, मग माईक, मग बॅनरवर कोणाचे नाव वर यावरून रुसवेफुगवे. म्हणून हा रेल्वेचा डबा मला फार आवडतो.

४ जानेवारी १९४८ रोजी बर्मा स्वतंत्र झाला आणि एकेकाळचा कनिष्ठ कारकून स्वतंत्र देशाचा महालेखापाल झाला. १९५० साली त्यांनी आपल्याच कचेरीत विपश्यना मंडळ सुरू केले. कचेरीतले लोक तिथे शिकत. १९५२ साली श्वेडगॉन पॅगोड्याच्या उत्तरेला आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उभे राहिले. त्याचा पॅगोडा लहान. मधल्या खोलीभोवती फक्त आठ कोठड्या. दिवसभर सरकारी काम आणि सकाळ-संध्याकाळ केंद्र, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. वयाची पंचावन्न वर्षे झाल्यावरही सरकारने त्यांना सोडले नाही. एकाच वेळी तीन-तीन, चार-चार खात्यांचा कारभार त्यांच्याकडे असे. पूर्ण निवृत्ती मिळाली ती १९६७ साली.

त्या काळातली एक हकिकत मी दादांना दोनदा ऐकवली आहे. पंतप्रधान ऊ नू यांच्या राजवटीत तांदळाची सरकारी खरेदी करणारे मंडळ भ्रष्टाचाराने पोखरले होते. बर्माचे पोटच तांदळावर आणि परकी चलनही तांदळावरच. चौकशीत ऊ बा खिन यांनी कोणाची भीड न ठेवता अहवाल दिला. सरकारने त्यांनाच ते मंडळ सुधारायला सांगितले, तर मंडळातल्या अधिकाऱ्यांनी संप पुकारला. आता मी कामगारांची वकिली केलेला माणूस. संप मोडला हे शब्द ऐकले की माझ्या कपाळाला आठी पडते. पण हा संप पोटासाठी नव्हता, तो खाल्लेले लपवण्यासाठी होता. ऊ बा खिन डगमगले नाहीत. खालच्या कारकुनांना हाताशी धरून त्यांनी काही महिने मंडळ चालवून दाखवले आणि शेवटी साहेब मंडळींना बिनशर्त परत यावे लागले. विपश्यनेने माणूस थंड पडतो, त्याला अन्याय दिसेनासा होतो, असा आरोप ज्यांना करायचा आहे त्यांनी या माणसाचे काय करायचे ते ठरवावे. बोधिसत्व बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खूंविषयी एक प्रश्न उभा केला आहे. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष, की समाजाचा सेवक? ऊ बा खिन भिक्खू नव्हते, पण त्या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या टेबलावरच्या फायलींत मिळते.

इथे आणखी एक धागा आहे. बर्मातील सहाव्या धम्मसंगीतीची तयारी ज्या बुद्ध शासन परिषदेने केली, तिच्या कार्यकारिणीत ऊ बा खिन होते. तिचे हिशेबही ते विनामूल्य तपासत. त्याच बुद्ध शासन परिषदेला बाबासाहेबांनी भारतात बौद्ध धम्माचा प्रसार कसा करावा याविषयी निवेदन दिले होते. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब प्रकृती ठीक नसताना रंगूनला गेले होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली ते भिक्खू चंद्रमणी महास्थवीरही मूळचे बर्मातल्या आराकानचे. म्हणजे दीक्षाभूमीला जाणारा रस्ता आणि इगतपुरीला येणारा रस्ता, दोन्ही बर्मावरून गेलेले आहेत. हे आपण विसरतो आणि मग एक रस्ता आपला, दुसरा परका अशी वाटणी करतो.

आता त्या मारवाडी कारखानदाराकडे येतो. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म ३० जानेवारी १९२४ रोजी मंडालेचा. घराणे मूळ राजस्थानातले. कर्मठ सनातनी वातावरण, मोठा व्यापार, बर्मातल्या हिंदू आणि मारवाडी संस्थांचे पुढारपण, सगळे तरुण वयातच मिळालेले. आणि त्याबरोबर मिळालेली जीवघेणी अर्धशिशी. दुखणे उठले की मॉर्फिनचे इंजेक्शन. त्या औषधाचेच व्यसन लागेल अशी डॉक्टरांना भीती. परदेशांतले नामांकित डॉक्टर झाले, उपयोग शून्य. तेव्हा त्यांचे मित्र ऊ चान टुन यांनी ऊ बा खिन यांचे नाव सुचवले. हे ऊ चान टुन म्हणजे बर्माच्या १९४७ च्या राज्यघटनेचे घटना सल्लागार. एका घटनातज्ज्ञाने दाखवलेली ही वाट आहे, हे माझ्यासारख्या वकिलाला जरा जास्तच सुखावते, काय करणार!

गोयंका भेटायला गेले आणि पहिल्याच भेटीत नकार मिळाला. डोकेदुखी बरी करण्यासाठी यायचे असेल तर येऊ नका, हा दवाखाना नाही, असे सयाजींनी सांगितले. मन शुद्ध करायला यायचे असेल तर या. दुखणे त्याबरोबर जायचे असेल तर जाईल. शहरातला बडा शेठ दारात आलेला, उद्या देणगी देईल असा; आणि हा हिशेबनीस त्याला परत पाठवायला तयार! गोयंकांना दुसरीच धास्ती होती. आपण हिंदूंचे पुढारी, तिथे जाऊन बौद्ध झालो तर? लहानपणापासून त्यांच्या कानावर हेच पडले होते की बुद्ध विष्णूचा अवतार म्हणून पूजावा, पण त्याची शिकवण घेऊ नये, ती नास्तिक बनवते. आपल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असे का म्हणायला लावले, याचे याहून चांगले उदाहरण कोणते? ज्याला हात जोडायचे त्याचेच ऐकायचे नाही, ही ती व्यवस्था. सयाजींनी वाद घातला नाही. शील, समाधी आणि प्रज्ञा, एवढेच इथे शिकवतो. यातले तुमच्या धर्माला नको असलेले काय आहे, असे त्यांनी विचारले. गोयंकांकडे उत्तर नव्हते. तरी काही महिने गेलेच. अखेर सप्टेंबर १९५५ मध्ये ते पहिल्या शिबिराला बसले आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरून पळायच्या बेतात होते. एका साधिकेने आणखी एकच दिवस थांबा असे विनवले म्हणून थांबले.

तिथून पुढे चौदा वर्षांचा सहवास. याला मी गुरुशिष्याचे नाते म्हणायला थोडा कचरतो, कारण आपल्या देशात त्या शब्दाला पाय धुणे, दक्षिणा आणि एकलव्याचा अंगठा चिकटलेला आहे. तथागतांनी वापरलेला शब्द वेगळा आहे: कल्याणमित्र. आनंदाला वाटले होते की असा मित्र लाभणे म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग झाला. तथागतांनी त्याला दुरुस्त केले. तो अर्धा नव्हे, तोच संपूर्ण. दोघांच्या वयात पंचवीस वर्षांचे अंतर. एकाचा महिन्याचा पगार, दुसऱ्याच्या गिरण्या. एक बर्मी, दुसरा त्या समाजातला ज्याच्याबद्दल बर्मी माणसाच्या मनात सावकारी आणि व्यापारामुळे राग साठला होता. १९३० च्या दशकात रंगूनला हिंदी लोकांविरुद्ध दंगली झाल्या होत्या. या पार्श्वभूमीवर एका बर्मी अधिकाऱ्याने हिंदी व्यापाऱ्याला शेजारी बसवावे, आपल्याकडे येणाऱ्या हिंदी साधकांसाठी त्याला दुभाषी करावे आणि हळूहळू त्याच्याकडून शिकवून घ्यावे, ही साधी गोष्ट नाही. सयाजी शिस्तीचे कडक होते, रागावत तेव्हा समोरचा थरथरे. पण तो राग वरवरचा असे, हे गोयंकांनी पुढे अनेक प्रवचनांतून सांगितले आहे.

मैत्रीची खरी परीक्षा १९६२ नंतर झाली. जनरल ने विन यांनी लष्करी सत्ता आणली आणि पाठोपाठ उद्योगधंद्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. गोयंकांचे कारखाने गेले. जे लोक कालपर्यंत शेठजी म्हणून मागे फिरत होते ते पांगले असणार. पैशामागचे जग सगळीकडे सारखेच. केंद्राचे दार मात्र तसेच उघडे राहिले. उलट आता शिष्याकडे वेळच वेळ होता. धंदा बुडाल्यानंतरची ती वर्षे गोयंका आयुष्यातली सोन्याची वर्षे मानत, कारण ती सयाजींजवळ गेली. राष्ट्रीयीकरणाला आम्ही आंबेडकरवादी वाईट म्हणणार नाही. बाबासाहेबांनी स्वतः राज्य समाजवाद मांडला आहे. पण सगळे हिरावले गेलेला माणूस सूडाने पेटला नाही, याचे श्रेय कोणाला तरी दिले पाहिजे.

सयाजींच्या मनात एक ठाम समजूत होती. ही विद्या भारताने बर्माला दिली, बर्माने ती जपली आणि भारतातून ती नाहीशी झाली. तेव्हा हे ऋण भारताला परत करायचे. हिशेबनिसाचीच भाषा! येणे-देणे मिटल्याशिवाय खाते बंद होत नाही. स्वतः भारतात येण्याची त्यांची फार इच्छा होती. पण लष्करी राजवटीत देशाबाहेर जाणे सोपे नव्हते. १९६९ साली मुंबईत गोयंकांच्या आई आजारी होत्या, त्या निमित्ताने गोयंकांना पासपोर्ट मिळाला. २० जून १९६९ रोजी सयाजींनी त्यांना विधिवत आचार्य केले आणि दोनच दिवसांनी ते भारतात आले. ३ जुलैला मुंबईच्या पंचायती वाडी धर्मशाळेत पहिले शिबिर लागले. साधक चौदा, त्यांत त्यांचे आईवडीलही.

त्यानंतर दोघे पुन्हा भेटले नाहीत. राहिली फक्त पत्रे. गोयंका गावोगाव शिबिरे घेत आणि रंगूनला खबर कळवत. तिकडे सत्तरीला आलेले सयाजी ती वाचत. ऋणाचे हप्ते फिटत असल्याच्या पावत्याच त्या. जेमतेम दीड वर्ष हे चालले. १९ जानेवारी १९७१ रोजी शस्त्रक्रियेनंतर सयाजी गेले आणि शिष्य अंत्यदर्शनालाही पोचू शकला नाही. गोयंकांना पुन्हा बर्माच्या भूमीवर पाय ठेवायला मिळाला तो १९९० साली. एकवीस वर्षांनी.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण आपल्याकडे व्यक्तिपूजा लगेच सुरू होते. गोयंका हे सयाजींचे एकमेव वारस नव्हते. सयाजींनी आणखीही काही जणांना, त्यांत परदेशी साधकही आहेत, शिकवण्याची परवानगी दिली होती. त्यांच्या जवळच्या शिष्या डॉ म्या थ्विन, ज्यांना सयामा म्हणतात, त्यांनी पुढे इंग्लंडमध्ये केंद्र उभे केले आणि त्यांची परंपरा गोयंकांपेक्षा वेगळी चालली. मोठा माणूस गेला की वाटा फुटतात. रिपब्लिकन पक्षाच्या गटांचा इतिहास पाहिलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. फरक इतकाच की त्यांनी एकमेकांचे पुतळे जाळले नाहीत!

आठ कोठड्यांच्या त्या पॅगोड्यातले बी इगतपुरीला कसे रुजले, हे नाशिककरांना ठाऊक आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात जमीन घेतली गेली, १९७६ पासून धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली आणि आज तिथल्या पॅगोड्यात शेकडो शून्यागारे आहेत. पाली वाङ्मयासाठी १९८५ साली विपश्यना विशोधन विन्यास निघाला आणि बर्मी सहाव्या संगीतीचे त्रिपिटक देवनागरीत छापले गेले. आपल्या विहारांत आज पाली शिकणाऱ्या मुलांच्या हातात जे ग्रंथ येतात, त्यांत या कामाचा वाटा आहे. १९९४ साली तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच शिबिरात बसले. गोयंका २९ सप्टेंबर २०१३ रोजी गेले, तोवर जगभर केंद्रे झाली होती. शिबिराला फी नाही, जेवणाखाणाचे पैसे नाहीत. ज्याला लाभ झाला त्याने पुढच्यासाठी दान द्यावे, ही रीत सगळीकडे कायम आहे. देवळांच्या दर्शनाच्या रांगांतही पैसे मोजून पुढे जाता येते अशा जिल्ह्यात ही रीत टिकली, हे मला महत्त्वाचे वाटते.

मी स्वतः २०११ साली गेलो तो श्रद्धेने नाही, हरल्यामुळे गेलो. जिल्ह्यातल्या एका गावचा ॲट्रॉसिटीचा खटला होता. मारहाण झालेली, जखमा कागदावर आलेल्या. आणि ऐन साक्षीच्या वेळी एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. त्यांचा तरी काय दोष? ज्यांच्या शेतात राबायचे त्यांच्याविरुद्ध किती दिवस उभे राहणार? आरोपी सुटले, गावात फटाके वाजले. मला झोप येईना. घरी बायकोवर, पोरांवर आवाज चढायला लागला. एका मित्राने फॉर्म भरून दिला म्हणून धम्मगिरीला गेलो. पहाटे चारला घंटा, दिवसभर बैठक, दहा दिवस तोंडाला कुलूप. पहिले चार दिवस मी श्वास पाहत नव्हतो, त्या खटल्याची उलटतपासणी मनात पुन्हा पुन्हा घेत होतो. माझ्या उजवीकडे एक कापडाचा व्यापारी बसे आणि डावीकडे नाशिकरोडच्या झोपडपट्टीतला आपला एक हमाल बांधव. दहाव्या दिवशी मौन सुटेपर्यंत कोण कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हते. परत आलो तेव्हा राग गेला होता का? नाही. पण पुढच्या खटल्यात मी साक्षीदारांच्या घरी आधीपासून जाऊ लागलो, त्यांच्या भीतीबद्दल त्यांच्याशी बोलू लागलो. कोर्टात आवाज न चढवता प्रश्न विचारता येतो, हे मला चाळिशीजवळ आल्यावर कळले.

आता दादांच्या फिर्यादीतले तथ्य. शिबिर करून आल्यावर मोर्चाला न येणारे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीऐवजी घरीच बसणारे, चळवळ म्हणजे मनाची अशांती असे म्हणणारे आपले काही शिकलेसवरलेले बांधव मी पाहिले आहेत. त्यांना सयाजी कळलेच नाहीत. विपश्यना हा धर्म नाही, संप्रदाय नाही हे गोयंकांचे सांगणेही मला पूर्ण पटत नाही. ज्या समाजाने धम्मदीक्षा घेतली म्हणून सवलती गमावल्या, १९९० मध्ये कायदा दुरुस्त होईपर्यंत ज्याला अनुसूचित जातींचे आरक्षण नाकारले गेले, त्याच्यासाठी बौद्ध हे नाव सोडण्याजोगी गोष्ट नाही. ते नाव आम्ही किंमत मोजून घेतले आहे. सवर्णाला ते नाव टाळून बुद्ध घेता येतो. आम्हाला घ्यायचाही नाही. पण याच गोयंकांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये सारनाथला कांचीच्या शंकराचार्यांबरोबर निवेदन काढून बुद्ध विष्णूचा अवतार नाही हे जाहीर करवून घेतले. अवतार म्हणून पूजा करा पण ऐकू नका, अशा घरात वाढलेल्या माणसाने हे केले. रंगूनच्या त्या पहिल्या भेटीपासून तिथपर्यंत त्याला चव्वेचाळीस वर्षे लागली. आमच्या माणसांना १९५६ साली ते एका दिवसात कळले, असे दादा म्हणतात. बरोबर आहे. पण ज्याला उशिरा कळले त्याला परत पाठवायचे की शेजारी बसवायचे, हा प्रश्न सयाजींपुढेही होता.

परवा मी दादांना ऊ बा खिन यांचा फोटो दाखवला. चष्मा, साधा सदरा, कपाळावर काही नाही, गळ्यात काही नाही. दादांनी बराच वेळ पाहिला आणि हा तर आपल्या झेडपीतला ऑडिटर दिसतो, असे म्हणाले. १९ जानेवारीला संध्याकाळी आमच्या विहारात सयाजींवर मी बोलणार आहे. दादांनी फोन करून कळवले आहे की तेही येणार, पण ऐकायला नाही, भांडायला. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला मी पोरांना सांगितले आहे. गुडघे दुखतात, त्यांना खाली बसवत नाही.